पाच साखळ्या आठ आणे

माझा आवाज मूळचाच मोठा. त्यात बत्तीस वर्षं लोकांच्या बांधांवर उभं राहून ओरडण्यात गेली, त्यामुळे आता घरात साधं मीठ मागितलं तरी शेजारचे डोकावून बघतात. मी सरकारी मोजणीदार होतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ऑफिसात सगळी नोकरी काढली आणि दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. शेताची हद्द कुठून कुठे जाते ते शोधायचं, चुन्यानं आखून द्यायचं आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. भावाभावांच्या भांडणात मधे उभा राहिलोय, अंगावर कुत्री सोडून घेतलीत, पण कधी मागे सरलो नाही. तसा मी भित्रा माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी फार भित्रा दिसणार आहे.

आमच्या वेळी मोजणी फळ्यावर व्हायची. तिपाईवर लाकडी फळा, फळ्यावर कागद, आणि शेतातच उभं राहून पेन्सिलीनं नकाशा काढायचा. मग ऑफिसात येऊन त्यावर शाई फिरवायची. पेन्सिलीचं काही वाटायचं नाही, शाईची मात्र धास्ती असायची. शाईची रेघ एकदा ओढली की ओढली. चुकली तर ब्लेडनं खरवडायची, आणि खरवडलेल्या जागी कागद असा फुगायचा की साहेबाला खुर्चीतून दिसायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझी एक रेघ अर्ध्या बोटानं घसरली. त्या वेळच्या साहेबानं अख्खा नकाशा माझ्यासमोर टराटरा फाडला आणि म्हणाला, परत काढ. चार दिवसांचं काम होतं ते. तेव्हापासून कागदावर पेन टेकवण्याआधी दहा वेळा विचार करायची सवय मला लागली. ती चांगलीच सवय होती. तिच्याच जोरावर मी तालुक्यात नाव कमावलं.

मग कॉम्प्युटर आला. नकाशे त्याच्यावर काढायचं सॉफ्टवेअर आलं, आणि आम्हा सगळ्यांना आठ दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. तिथे पहिल्याच दिवशी माझा माऊस टेबलाच्या कडेला पोचला. पुढे टेबल संपलं होतं, पण बाण अजून जिथे न्यायचा तिथे गेला नव्हता. मी काय करावं? माऊस हवेत धरून पुढे नेला. मागच्या रांगेतले दोघं फिदीफिदी हसले. शिकवणारा मुलगा माझ्या पोराच्या वयाचा, तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, घाबरू नका." झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घाबरू नका म्हणे! मी बांधावर कुऱ्हाडी बघितलेला माणूस. पण खरं सांगायचं तर घाबरलोच होतो, आणि ते त्या पोराला दिसलं, याचाच राग होता.

ट्रेनिंगहून परत आल्यावर मी ऑफिसात जाहीर करून टाकलं, "आपल्याला हे जमायचं नाही." एकदा असं म्हटलं की किती बरं वाटतं! कुणी काम सांगत नाही, चूक झाली तर आपली नसते, आणि चहाच्या वेळी सगळ्यांना सांगायला एक गंमत मिळते. मी ती माऊसची गोष्ट स्वतःच रंगवून सांगायचो, आणि लोक हसायचे. अशी दोन वर्षं गेली. म्हणता म्हणता मला खरंच वाटायला लागलं की माझ्या डोक्यात तो कप्पाच नाही.

घरी बायको मात्र ऐकून घ्यायची नाही. ती सातवी शिकलेली. मुलीनं तिला मोबाईल दिला आणि महिन्याभरात ती पुण्याला नातवाशी व्हिडिओवर बोलायला लागली. किती वेळा भलत्यालाच फोन लावला! एकदा तर गॅसवाल्याला नातू समजून पापा दिला. पण ती हसायची आणि परत लावायची. मला म्हणायची, "तुम्हले येत नई असं नई. चुकनं तं लोक हासतीन म्हणीसन तुम्ही हातच लावतस नई." मी म्हणायचो, गप बस, तुला काय कळतंय. तिला चांगलंच कळत होतं.

माझ्या जोडीला ऑफिसात एक नवी मोजणीदार आली होती. धडगावकडची, डोंगरातली. घरी पावरी बोलायची, मराठी शाळेत शिकलेली, आश्रमशाळेत वाढलेली. मला आप्पा म्हणायची. आमची वाटणी ठरून गेली: शेतात लोकांशी बोलणं आणि जुने कागद वाचणं माझ्याकडे, कॉम्प्युटर आणि रोव्हर तिच्याकडे. रोव्हर म्हणजे उंच काठीवर बसवलेली वाटोळी डबी. ती उपग्रहांना विचारून आपण नेमके कुठे उभे आहोत ते सांगते. पोरीला त्या सॉफ्टवेअरमधलं सगळं येत होतं असं मुळीच नाही. निम्मं तिलाही नवीनच होतं. पण तिची एक तऱ्हा होती. न कळणारी गोष्ट समोर आली की म्हणायची, "बघू या काय होतं ते," आणि सरळ दाबायची. चुकलं की स्वतःशीच हसायची आणि दुसरं काहीतरी दाबायची. मला वाटायचं, बाई गं, जरा विचार तरी कर!

तिनं मला शिकवायचा प्रयत्न केला. पण मी प्रत्येक वेळी बोट उचलून तिच्याकडे बघायचो आणि विचारायचो, "दाबू?" ती म्हणायची, "दाबा." मग पुढचं. "आता हे दाबू?" एकदा ती वैतागून म्हणाली, "आप्पा, दाबून बघा ना, फुटणार नाही ते." मी उठून चहाला गेलो.

आता त्या मोजणीचं सांगतो. रनाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आत एक लहानसं गाव आहे. तिथल्या एका शेतकऱ्यानं आपल्या शेताला तारेचं कुंपण घालायचं म्हणून मोजणीचा अर्ज केला होता. त्याच्या शेताला लागून एका मावशींचं तीन एकर. मावशी पासष्टीच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुली सासरी, शेत स्वतः करायच्या. दोन शेतांच्या मधल्या कोपऱ्याला, मावशींच्या बाजूला, त्यांची विहीर. त्या विहिरीवरच ते तीन एकर हिरवं असायचं. मी पूर्वी त्या शिवारात मोजणीला गेलो की दुपारची भाकरी त्या विहिरीजवळ खायचो. मावशी लोणचं आणून द्यायच्या. त्या वर्षी त्यांनी पपईची रोपं नुकतीच लावली होती.

अशा मोजणीत आधी जुना कागद काढायचा असतो. त्याला आम्ही टिपण म्हणतो. इंग्रजांच्या काळातल्या मोजणीदारानं हातानं लिहिलेला, शेताच्या प्रत्येक कोपऱ्याची अंतरं दाखवणारा. त्यातली मापं साखळीत असतात. एक साखळी तेहेतीस फूट, आणि साखळीचे सोळा आणे. पाच साखळ्या आठ आणे असेल तर ते पाच, मग आडवी रेघ, मग आठ असं लिहायचे. ही अंतरं कॉम्प्युटरमध्ये टाकली की पडद्यावर जुनी हद्द उमटते, आणि तीच मग रोव्हर घेऊन शेतात आखायची. साखळी-आणे पोरीच्या जन्माच्या फार आधी संपलेले. म्हणून टिपण आलं की मी आधी वेगळ्या कागदावर आण्यांचे दशांश करून द्यायचो आणि ती ते आकडे टाकायची. असं ठरूनच गेलं होतं.

त्या दिवशी ती मला म्हणाली, "आप्पा, आज आकडे तुम्ही टाका. मी बाजूला बसते. किती दिवस असं चालणार?" चांगल्या मनानं म्हणाली होती. पण ऑफिसात अजून तिघं बसले होते, त्यातला एक खुर्ची वळवून बघायला लागला. मला वाटलं, आता तमाशा होणार. मी टिपण तिच्यापुढे टाकलं आणि म्हणालो, "तूच टाक. मला नाही वेळ." रागाच्या भरात दशांश करून द्यायचे राहिले. बाकीची जवळपास सगळी मापं पूर्ण साखळ्यांची होती, आणे फक्त एकाच ठिकाणी होते. विहिरीकडच्या कोपऱ्याला. पाच साखळ्या आठ आणे.

मी बाजूलाच हाताची घडी घालून बसलो होतो. पोरीनं टाकलं, पाच पॉइंट आठ. ते मी बघितलं. हे सांगायला मला आजही जड जातं: तो आकडा मी माझ्या डोळ्यांनी बघितला आणि मनात काहीतरी टोचलं. आठ आणे म्हणजे अर्धी साखळी. पाच पॉइंट पाच हवं. पण पुढच्याच क्षणी मनात आलं, ती कॉम्प्युटरची भाषा, आपल्याला काय कळतंय, जमिनीच्याच कामाचं सॉफ्टवेअर आहे, आण्यांचं त्याला माहीत असेलच की. बोललो आणि चुकीचं निघालं तर परत ते तिघं हसणार. मी गप्प बसलो.

मंगळवारी आम्ही शेतात गेलो. गावातले पाच-सात जण जमले होते. पोरगी रोव्हर घेऊन पुढे, तिच्यामागे चुना टाकणारा. रेघ सरळ आली ती विहिरीच्या पलीकडून, मावशींच्या बाजूनं, आणि विहीर सबंध शेजाऱ्याच्या हद्दीत गेली. शेजारी बिचारा सुद्धा गोंधळला. तो म्हणाला, "मावशी, पाणी घ्या तुम्ही, मी काय नाही म्हणणार आहे?" आणि ते ऐकून मावशींचा चेहरा असा झाला की मला खाली बघावं लागलं. स्वतःच्या विहिरीचं पाणी घ्यायला दुसऱ्याची परवानगी!

मावशी भांडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, ओरडणाऱ्याशी कसं बोलायचं ते मला येतं. त्या माझ्याकडे आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, मन्हा सासरानी खंदेल शे ती. तुम्हले काय वाटस?"

मला काय वाटत होतं? मला वाटत होतं की काहीतरी चुकलंय. इतक्या वर्षांत त्या शिवारात एवढा फरक मी कधी बघितला नव्हता. आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "मावशी, मशीन चुकत नाही."

त्यांनी मान हलवली. "तुम्ही सांगतस तं खरंच व्हई," म्हणाल्या आणि रोपांकडे निघून गेल्या. शेजाऱ्यानं सांगितलं की शुक्रवारी खांब रोवायला माणसं येणार आहेत.

संध्याकाळी घरी आलो. पोरगी परस्पर एसटीनं गावी गेली. दुसऱ्या दिवशी होळी होती, आणि डोंगरातल्या माणसाला होळीला कुणी थांबवू शकत नाही. शुक्रवारी सकाळी परत येणार होती. तिच्या पाड्यावर फोनला रेंज नाही. मी हातपाय धुतले, पिशवीतून टिपणाची झेरॉक्स काढली आणि चहा पिता पिता हिशोब मांडला. पाच पॉइंट आठ आणि पाच पॉइंट पाच यांच्यात दहा फुटांचा फरक येतो. दहा फूट म्हणजे ती विहीर आणि वर तिचा काठ. बायकोनं विचारलं, तोंड का पडलंय? मी सगळं सांगितलं. आकडा बघून गप्प बसलो तेही सांगितलं. मला वाटलं टोमणा मारेल. तिनं मारला नाही. म्हणाली, "मंग आते?"

आता काय! सॉफ्टवेअरनं आतल्या आत आणे बरोबर धरले असतील तर? साहेबांना फोन केला तर ते पहिलं विचारणार, कशावरून म्हणता? मी काय सांगणार, मला वाटतं म्हणून? आत जाऊन बघायलाच हवं होतं, आणि बघणारी डोंगरात होती. राहिलो मी.

होळीच्या दिवशी ऑफिस अर्धं रिकामं होतं, दुपारी तेही पांगलं. मी कॉम्प्युटर सुरू केला. ट्रेनिंगची वही घरून आणली होती. कपाळ माझं, इतक्या सुंदर अक्षरात सगळं लिहून ठेवलेलं, आणि दोन वर्षांत एकदा उघडलेली नाही! पहिल्याच पानावर होतं: आधी फाईलची कॉपी करा, कॉपीवर काम करा. ती कशीबशी केली. फाईल उघडली. पडद्यावर शेत दिसलं. जरा जवळून बघावं म्हणून माऊसचं चाक फिरवलं, तर शेत लहान व्हायला लागलं. आणखी फिरवलं तर ठिपक्याएवढं झालं. घाबरून इकडेतिकडे दाबलं तर ठिपकाही गेला. काळा पडदा! अख्खं शेत गायब, विहिरीसकट. आपण कॉपीवर बसलोय हेसुद्धा आठवेना. मी मागून बटण बंद केलं आणि कुलूप लावून घरी गेलो. त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली. बायकोनं होळीसाठी पुरणपोळ्या केल्या होत्या, मी अर्धी खाऊन उठलो.

दुसऱ्या दिवशी धुळवड. सुट्टी होती, पण ऑफिसची एक किल्ली माझ्याकडे असायची. निघताना बायको म्हणाली, "काल काय व्हयनं जास्तीत जास्त?" मी म्हणालो, शेत गायब झालं. ती म्हणाली, "शेत तं जागावरच शे ना?" मी चिडून गाडीला किक मारली. पण रस्ताभर तिचं बोलणं डोक्यात राहिलं.

फाईल उघडली. काल काही बुडालं नव्हतं, शेत होतं तसं होतं. मी पुन्हा चाक फिरवलं, मुद्दाम. शेत लहान झालं. उलटं फिरवलं, मोठं झालं. हात्तिच्या! म्हणजे शेत जात नव्हतं, मीच लांब जात होतो. वहीत एका बाणाची खूण काढलेली होती, शेजारी लिहिलेलं: मागे जा. तो बाण पडद्यावर शोधला. मग मी एक रेघ निवडली आणि ती पुसून टाकली. बाण दाबला. रेघ परत आली. मी पुन्हा पुसली, पुन्हा आणली. दोन रेघा पुसल्या, दोन्ही आणल्या. कोपरा धरून भलतीकडेच ओढला, शेताला शेपूट फुटलं, बाण दाबला, शेपूट गेलं. कागद फुगला नाही, कुणी काही फाडलं नाही. मी एकटाच त्या बंद ऑफिसात मोठ्यानं हसायला लागलो. बाहेर रंगलेली पोरं आरडाओरडा करत चालली होती म्हणून बरं, नाहीतर कुणाला वाटलं असतं आप्पा भांग पिऊन बसलेत.

तेव्हा मला माझ्या भीतीचं मूळ सापडलं. मी दोन वर्षं त्या माऊसकडे शाईचं पेन असल्यासारखं बघत होतो. पोरीच्या हाताखाली कधी शाई नव्हतीच, म्हणून ती "बघू या काय होतं ते" म्हणू शकायची. माझ्या डोक्यात तो कप्पा नाही वगैरे सगळं खोटं होतं. मला फक्त चुकायची सवय नव्हती.

मग कामाला लागलो. विहिरीकडच्या कोपऱ्याची रेघ शोधायला तास गेला. ती निवडली तेव्हा बाजूला चौकट उघडली आणि त्यात होतं, पाच पॉइंट आठ. पण त्याचा अर्थ सॉफ्टवेअरनं काय धरला होता? चौकटीत खालीच ते अंतर मीटरमध्येही दिलेलं होतं. मी कागदावर फूट केले. एकशे एक्क्याण्णवच्या पुढे. पाच साखळ्या आठ आण्यांचे व्हायला हवेत एकशे साडेएक्क्याऐंशी. कॉम्प्युटरला आणे माहीत नव्हते. त्याला कोण सांगणार होतं? ज्याला माहीत होते तो हाताची घडी घालून बसला होता.

मी कॉपीमध्ये आकडा बदलला. पाच पॉइंट पाच. दाबण्याआधी नकळत मान वळवून बाजूला बघितलं, तिथे रिकामी खुर्ची. दाबलं. हद्दीची रेघ सरकली आणि विहिरीची खूण पलीकडे, मावशींच्या बाजूला आली. मी ते तीनदा मागे घेऊन तीनदा परत केलं. सगळे कोपरे टिपणाशी पडताळले. मग साहेबांना फोन लावला आणि ओरडूनच सांगितलं की चूक आहे, माझी आहे, मी स्वतः तपासलंय. साहेब म्हणाले, हळू बोला, शुक्रवारी परत मोजा. मग शेजाऱ्याला फोन केला, म्हटलं खांब थांबव, शुक्रवारी आम्ही पुन्हा येतोय. मावशींकडे फोन नव्हता, आणि शेजाऱ्याकरवी त्यांना निरोप द्यायचं मला सुचलंच नाही.

शुक्रवारी पोरगी आली, हातावर अजून रंग होता. मी तिला दाखवलं. तिचा चेहरा उतरला. इतके दिवस कशालाही हात घालणारी ती, माऊसपासून हात मागे घेऊन मांडीवर ठेवून बसली. म्हणाली, "मी विचारायला हवं होतं, आप्पा. मला वाटलं आकडा आहे तो आकडा. आता मी नाही टाकणार काही." मला ते बघवेना. तिचं ते धाडस गेलं असतं तर माझं पाप दुप्पट झालं असतं. मी म्हणालो, "पोरी, तू विचारलं नाहीस ही तुझी चूक. मी बघूनही बोललो नाही, ती माझी. माझी मोठी आहे, आणि ती मी तुला वाटून देणार नाही. ऊठ, रोव्हर घे." ती उठली, रोव्हर खांद्यावर घेतला. मग म्हणाली, "साखळीचे सोळाच का? दहा का नाही?" मी म्हणालो, रस्त्यात सांगतो.

शेतावर शेजारी होता, त्याची माणसं होती. आम्ही परत मोजलं. रोव्हरची काठी मी धरली. नवी रेघ विहिरीच्या अलीकडून, शेजाऱ्याच्या बाजूनं गेली. जुनी चुन्याची रेघ मी बुटानं पुसली. शेजारी म्हणाला, बरं झालं आप्पा, माझ्याही जिवाला घोर होता. पण मावशी दिसेनात. मग पपईच्या वाफ्यांकडे लक्ष गेलं. रोपांनी माना टाकल्या होत्या, काही तर पार करपून गेली होती.

मावशी रस्त्यानं येताना दिसल्या. डोक्यावर हंडा, हातात कळशी. गावच्या नळाचं पाणी आणून रोपांना तांब्या-तांब्यानं घालत होत्या. मी पळत गेलो. "मावशी, मोटार बंद आहे का? लाईट नाही?"

"लाईट शे," त्या म्हणाल्या. "पन तुम्ही सांगं ना, मशीन चुकत नई. मंग लोकास्नी विहिरनं पानी कसं घेऊ? तीन दिन व्हयनात. रातले इचार येस, इतलं वरीस आम्ही दुसरास्नंच पानी पिनूत का?"

एका माझ्या वाक्यावर त्यांनी सासऱ्याच्या हातच्या विहिरीवर संशय घेतला होता. मी हंडा त्यांच्या डोक्यावरून उतरवून घेतला. सगळ्यांसमोर, माझ्या त्या मोठ्या आवाजात नाही, पण ऐकू जाईल असं म्हणालो, "मावशी, विहीर तुमची आहे. आधीही तुमचीच होती. मशीनमध्ये चुकीचा आकडा गेला, आणि मी तो बघून गप्प राहिलो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पोरीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "आते पक्कं सांगी ऱ्हायनात ना? का परत कोन्ही तुम्हले सांगी दिन्हं?"

"कुणी सांगितलं नाही. मी स्वतः कॉम्प्युटरवर बसून काढलंय."

त्यांनी कळशी बांधावर ठेवली, पदर खोचला आणि मोटार सुरू करायला गेल्या.